फोन कुणाकुणाच्या हातून गेला?

लेखमाला : हातातले यंत्र – लेखांक ९

'स्टार-हॅश-२१-हॅश दाबा आणि तुमच्या फोनवर कुणाची पाळत आहे का ते लगेच पाहा' हा निरोप गेली काही वर्षे व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो मराठीत येतो, हिंदीत येतो, उर्दूत येतो. भिवंडीत या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे इथे तो तिन्ही वाटांनी येऊन पोचतो. हा कोड फक्त एकच गोष्ट सांगतो : तुम्हाला आलेला कॉल दुसऱ्या एखाद्या नंबरावर वळवला आहे का. ही माहिती अगदीच कुचकामी नाही. लोकांकडून असे कोड दाबून घेऊन त्यांचे कॉल स्वतःकडे वळवणाऱ्या ठगांमुळे केंद्रीय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला मोबाइल कंपन्यांना सांगितले. पण तुम्ही कुठे आहात, कुणाला काय लिहिता, गॅलरीत कोणते फोटो आहेत, हे कुणी पाहत असेल तर त्याचा पत्ता या कोडला लागत नाही. फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, बोलताना आवाज घुमतो, या लक्षणांचेही तसेच. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागाशेजारी ठेवलेला तीन वर्षांचा फोन मे महिन्यात गरम होणारच, आणि जुनी बॅटरी उतरणारच. नीट बनवलेले पाळतीचे अॅप यातले एकही लक्षण न दाखवता महिनोन्महिने चालू राहू शकते. अशा चाचण्यांचे खरे नुकसान म्हणजे खोटा दिलासा. कोड दाबला, काही निघाले नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

तो प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे, हे या आठवड्याचे माझे म्हणणे आहे. गुपचूप पाळतीची सुरुवात फार क्वचित एखाद्या अद्भुत तंत्राने होते. बहुतेक वेळा ती कुणाला तरी मिळालेल्या प्रवेशाने होते. फोन हातात मिळालेला असतो, पासवर्ड ठाऊक असतो, खाते त्याने काढून दिलेले असते किंवा कंपनीच्या नोंदींपर्यंत त्याची पोच असते. म्हणून तपास फोनपासून सुरू करण्याऐवजी ही माणसे आठवण्यापासून सुरू करायला हवा.

याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्याच पोलीस आयुक्तालयातला आहे. भिवंडी शहर, शांतीनगर, निजामपुरा, भोईवाडा, नारपोली, कोनगाव ही सारी पोलीस ठाणी ठाणे आयुक्तालयाखाली येतात. २०१८ च्या सुरुवातीला याच ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मोबाइलच्या कॉल नोंदी, म्हणजे सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपाखाली खासगी गुप्तहेरांना अटक करायला सुरुवात केली. तपास पुढे सरकला तशी नामांकित गुप्तहेरांची नावे आली, एका वकिलाचे नाव आले आणि पोलीस दलातला एक शिपाईही अटकेत गेला. सीडीआरमध्ये बोलणे नसते. पण कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरावर, किती वाजता, किती वेळ बोलणे झाले, फोनचा आयएमईआय क्रमांक काय होता आणि कॉल कोणत्या टॉवरवरून गेला, हे सगळे त्यात असते. महिनाभराची नोंद समोर ठेवली की माणूस रात्री कुठे झोपतो, सकाळी किती वाजता निघतो, दर गुरुवारी कोणाला फोन करतो, हे बसल्या जागी वाचता येते. आणि अशा नोंदी मोबाइल कंपन्यांनी निदान दोन वर्षे जपून ठेवाव्यात, असा बदल दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत केला आहे. ज्यांच्या नोंदी अशा बाहेर जातात, त्यांच्या फोनला कुणी बोटही लावलेले नसते. त्यांनी आपला फोन उलटासुलटा करून पाहिला असता तरी हाती काही लागले नसते.

टॉवरवरून ठिकाण कळणे ही काही गुन्हेगारांपुरती विद्या नाही. मालवाहतुकीच्या धंद्यात 'सिम ट्रॅकिंग' रोजचे आहे. चालकाच्या नंबरावर संमती मागणारा संदेश येतो, त्याने होकार दिला की गाडी कुठवर पोचली ते मालकाला टॉवरच्या आधारे कळत राहते. त्यासाठी अॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो. मानकोली-अंजूरफाट्याच्या गोदामांत माल भरायला येणाऱ्या कितीतरी चालकांना हे नीट माहीत आहे. तेव्हा 'माझा फोन साधा आहे, माझ्यावर कोण पाळत ठेवणार' हे म्हणणे टिकत नाही. इथे संमती विचारली जाते आणि ठाण्याच्या प्रकरणात ती विचारली गेली नव्हती, एवढाच फरक. पण सगळा प्रश्न त्या फरकातच आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. दुरूनच फोनमध्ये शिरणारे पेगॅसससारखे तंत्र अस्तित्वात असताना माणसांच्या याद्या करून काय साधणार? हे तंत्र खरे आहे आणि महाराष्ट्राने ते जवळून पाहिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने ज्या भारतीयांना सावध केले, त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅपलने पाठवलेला इशारा मिळालेल्यांत महाराष्ट्राच्या राज्यसभा खासदार प्रियंका चतुर्वेदी होत्या. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीपुढे २९ फोन आले. त्यांपैकी पाच फोनमध्ये कसलेतरी घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हेही ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले. देशातल्या निवडक तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष इथवरच पोचत असेल, तर दोनशे रुपयांत 'फोन स्कॅन करून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराची हमी किती धरायची, ते वाचकांनीच ठरवावे. दुसरे असे की पेगॅसस आपण फक्त सरकारांनाच विकतो, असे ते बनवणारी कंपनीच सांगते. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी यांनी त्याची धास्ती जरूर बाळगावी, आणि आयफोन असेल तर त्यातला लॉकडाऊन मोड चालू करावा. पण गोदामात हिशेब लिहिणाऱ्या मुलीवर, नवऱ्यापासून वेगळे राहणाऱ्या बाईवर किंवा भागीदारीत बिनसलेल्या कापड व्यापाऱ्यावर कुणी एवढा खर्च करत नाही. त्यांच्यावर नजर ठेवू पाहणारा माणूस ओळखीचा असतो, आणि त्याला पुरतात फोनसोबतची दहा मिनिटे.

भिवंडीत ही दहा मिनिटे मिळणे फार सोपे आहे, आणि याचा विचार तंत्रज्ञानावरच्या लिखाणात सहसा येत नाही. नवा फोन घेतला की जीमेल खाते दुकानदारच काढून देतो, पासवर्ड तोच ठरवतो, कधी तो खोक्यावर लिहूनही देतो. पुढे तो पासवर्ड कुणी बदलत नाही. सिम दिराच्या नाहीतर मामाच्या नावावर असते. परराज्यातून मागावर कामाला आलेले कामगार एका खोलीत आठ-दहा जण राहतात आणि चार्जरला लावलेला फोन कुणीही उचलतो. दुरुस्तीला टाकताना लॉकचा पॅटर्नही चिठ्ठीवर काढून दिला जातो. यातल्या एकालाही मी दोष देत नाही. स्वतःच्या हाताने खाते काढायला कुणी शिकवलेच नाही, तर माणूस दुकानदारावरच विसंबणार. पण परिणाम समजून घ्या. ज्याच्याकडे गुगल खात्याचा पासवर्ड आहे, तो हरवलेला फोन शोधण्याच्या सोयीने तो फोन या क्षणी कुठे आहे ते पाहू शकतो, फोटो पाहू शकतो, जपून ठेवलेले नंबर पाहू शकतो. त्यासाठी फोनमध्ये काहीच घालावे लागत नाही. अशा वेळी अॅपच्या यादीत संशयास्पद काही शोधत बसणारा माणूस चुकीच्या खोलीत दिवा घेऊन फिरत असतो.

म्हणून तपासाचा क्रम असा असावा असे मला वाटते. आधी गुगल खात्यात 'तुमची डिव्हाइस' उघडून आपला नसलेला फोन किंवा संगणक तिथे दिसतो का ते पाहावे, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर व ईमेल आपलाच आहे का तेही. मग नकाशाच्या अॅपमध्ये 'लोकेशन शेअरिंग' : एकदा चालू करून 'बंद करेपर्यंत' असे निवडले की ते वर्षानुवर्षे चालू राहू शकते. मग व्हॉट्सअॅपमधील 'लिंक केलेली डिव्हाइस', कारण दुसऱ्याच्या संगणकावर तुमचे सगळे संदेश उमटत राहायला एकदा कोड स्कॅन केलेला पुरतो. आयफोनवर 'सेफ्टी चेक' ही सोय २०२२ पासून आहे. कोणाकोणाला काय दिसते ते ती एका जागी दाखवते. एवढे झाल्यावर अॅपकडे वळावे. अँड्रॉइडवर पाळतीची अॅप बहुधा प्ले स्टोअरबाहेरून घातली जातात आणि घालणाऱ्याला आधी 'प्ले प्रोटेक्ट' बंद करावे लागते. तुम्ही बंद केले नव्हते आणि ते बंद सापडले, तर हा बॅटरी उतरण्यापेक्षा कितीतरी भक्कम इशारा आहे. अॅपचे चिन्ह स्क्रीनवरून लपवता येते. सेटिंगमधल्या सर्व अॅपच्या यादीत मात्र ते बहुतेक वेळा 'सिस्टिम', 'सर्व्हिस', 'सिंक' असल्या सोज्वळ नावाने बसलेले असते. 'अॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अॅडमिन' या दोन परवानग्या कुणाला दिल्या आहेत, ते आवर्जून पाहावे; दुसऱ्याचे संदेश वाचण्याची आणि स्वतःला काढू न देण्याची ताकद तिथून येते. हे सगळे स्वच्छ निघाले, आणि तरीही तुम्ही कुणाशी किती वाजता बोललात हे कुणाला नेमके ठाऊक असेल, तर ठाण्याचे प्रकरण आठवावे आणि कॉल नोंदी बाहेर गेल्याची लेखी तक्रार करावी.

दुसरा आक्षेप घरातून येतो, आणि तो जास्त अवघड आहे : 'आम्ही काळजीपोटी बघतो, त्यात पाळत कसली?' लहान मुलांच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण काळजी आणि पाळत यांतली रेघ कुठे आहे, ते प्ले स्टोअरच्या नियमांनी स्वच्छ सांगितले आहे. नजर ठेवणारी अॅप फक्त पालकांनी मुलांसाठी किंवा संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी वापरावीत, आणि ती चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसली पाहिजे. पती-पत्नीने एकमेकांवर ती वापरणे, अगदी समोरच्याला सांगून असले तरी, तिथे चालत नाही. आपला कायदाही स्पष्ट आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि परवानगीवाचून कुणाच्याही फोनमध्ये शिरणे, मग तो पुरुष असो वा स्त्री, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसते. यावर काही जण १४ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. जोडीदाराचे चोरून रेकॉर्ड केलेले बोलणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, असे न्यायालयाने त्यात म्हटले. पण पुरावा दाखल होणे निराळे आणि पाळतीला मुभा मिळणे निराळे. जोडीदार एकमेकांवर नजर ठेवू लागले असतील तर ते आधीच तुटलेल्या नात्याचे लक्षण आहे, असेही त्याच निकालात आहे.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला' असे विचारणाऱ्यांना मी ८ जुलै २०२४ चा निकाल वाचायला सांगेन. अमली पदार्थांच्या खटल्यातील आरोपीने जामिनावर असताना गुगल मॅप्सची पिन तपास अधिकाऱ्याला देत राहावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. जामिनावरच्या आरोपीवर सतत नजर ठेवणे म्हणजे त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असे न्यायालयाला वाटले. ज्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला हे संरक्षण मिळते, आणि कामावरून घरी परतणाऱ्या बाईला ते नको, हे मला पटत नाही.

काही सापडले तर पहिला मोह ते काढून टाकण्याचा होतो. कृपा करून तसे करू नका. अॅप पुसले की पुरावा गेला, आणि पाळत ठेवणाऱ्याला त्याच क्षणी कळते की तुम्हाला समजले आहे. घरात मारहाणीची भीती असेल तर तो क्षण सगळ्यात धोक्याचा. आधी विश्वासातल्या व्यक्तीच्या फोनने त्या स्क्रीनचे, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. मदतीसाठी फोन करायचा तो आपल्या फोनवरून नको, दुसऱ्याच्या फोनवरून करा : तातडीला ११२, महिलांसाठी १८१. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तक्रार नोंदली गेली की दुसऱ्याच यंत्रावरून पासवर्ड बदला, आणि फोन पूर्ण पुसायचा तो सगळ्यात शेवटी. आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी'वर पाहता येते, तेही पाहून घ्या.

आणि संशय घेण्यासारखे आज काहीच नसले, तरी एक काम पुढच्या लेखांकापर्यंत थांबवू नका. तुमचे जीमेल खाते दुकानदाराने काढून दिले असेल, तर त्याचा पासवर्ड आज रात्री बदला. घरात आईचा, सासूबाईंचा किंवा खोलीतल्या सोबत्याचा फोन असेल, तर त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांच्याच हाताने बदलू द्या.