द्राक्षबागेत मुक्काम : पाव्हणे येतील, पण शेतकऱ्याच्या हातात काय पडेल?

शनिवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला उभं राहून गाड्यांच्या नंबर प्लेट बघा. एमएच ०१, ०२, ०४, ४३. सगळी मुंबई-ठाणे-नवी मुंबई. ही मंडळी काळारामाच्या दर्शनाला आलेली नसतात, वाइनरी बघायला आलेली असतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई अजून जवळ आली. त्यामुळे दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडच्या बऱ्याच मळ्यांत आता एकच विषय आहे : आपणही बागेत दोन-चार खोल्या काढाव्यात का?

आधी हे सुरू कसं झालं ते थोडक्यात. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले आणि घरच्या जमिनीवर गंगापूरजवळ त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००५ मध्ये त्यांनी वाइन चाखायची खोली लोकांना उघडली, पुढे राहायच्या खोल्याही बांधल्या. मग इगतपुरीत, दिंडोरीत, धरणाच्या काठाने इतरांनीही तोच रस्ता धरला.

कंपनीला पाव्हणे का हवेत, याचं गणित साधं आहे. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही. मग माणूस स्वतः बागेत आला, टाकी बघितली, घोट घेतला, फोटो टाकला, की तीच जाहिरात. शिवाय स्वतःच्या काउंटरवर विकलेल्या बाटलीत मधल्या वितरकाचा वाटा जात नाही.

शेतकऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. इथे दोन गोष्टी एकत्र करू नका : वाइनची द्राक्षं लावणं आणि बागेत पाव्हणे ठेवणं.

वाइनची द्राक्षं : दुसरं गिऱ्हाईक नाही

शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ या जातींचा मणी बारीक, साल जाड आणि आत बी. दारात टोपली घेऊन बसलात तर कोणी विकत घेणार नाही. थॉमसनचा माल व्यापाऱ्याने नाकारला तर बेदाणा करता येतो, लोकल मार्केटला जातो. वाइनचा माल वाइनरीने उचलला नाही तर तो बांधावरच. वर एकरी मालही कमी ठेवावा लागतो, कारण गोडी २२-२४ ब्रिक्सच्या आसपास न्यायची असते.

हे घडून गेलेलं आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क झाले, भराभर वाइनऱ्या निघाल्या. २००८ च्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या, उठाव नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत कित्येकांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. म्हणून लावण करण्याआधी करार कागदावर हवा : दर किती, गोडी कमी भरली तर कपात किती, माल कधी उचलणार, पैसे किती दिवसांत. तोंडी शब्दावर व्यापाऱ्यांनी काय काय केलंय ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

खोल्या काढायच्या असतील तर

इथे मात्र वाइनची बाग असायलाच हवी असं नाही. थॉमसनची बागही शहरातल्या माणसाला बागच. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला केंद्र नोंदवता येतं, राहायला जास्तीत जास्त आठ खोल्या. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि ते प्रमाणपत्र बँकेत कर्जासाठी दाखवता येतं.

पण कर्ज काढायच्या आधी एक हिशेब करा. समजा दोन खोल्या, जेवणासह रात्रीचे २,५०० रुपये, महिन्यातले चारही शनिवार भरले. झाले २० हजार. दहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १७ हजार. उरलेल्या तीन हजारांत गॅस, किराणा, चादरी धुणं, बुकिंग ॲपचं कमिशन. जमत नाही ना? म्हणून नवं बांधकाम नंतर. मळ्यातल्या घराची एखादी खोली नीट करून, स्वच्छ संडास-बाथरूम बांधून एक हंगाम बघा.

हंगामही समजून घ्या. पाव्हण्याला घड बघायचा असतो, आणि घड पिकलेला असतो तो साधारण जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग नुसते ओलांडे. पावसाळ्यात हिरवीगार, पण द्राक्ष एक नाही. हे बुकिंग घेतानाच फोनवर सांगा, नाहीतर माणूस येऊन तोंड वाकडं करतो.

आणि स्वयंपाक? खोल्यांचा बोर्ड पुरुषाच्या नावाने लागतो, रात्री अकराला भाकरी थापते घरातली बाई. तिची मजुरी हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा.

वाइन मात्र स्वतः देऊ नका. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन विकणं सोडाच, घरी गाळून पाव्हण्याला पाजणंही गुन्हा आहे. जवळच्या वाइनरीत त्यांना फिरवून आणा, गाडीभाडं घ्या, रात्री पिठलं-भाकरी द्या.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे फवारणी. पाव्हणा येताजाता घड तोडून तोंडात टाकणारच. तोडणीआधीचे औषधाचे दिवस पूर्ण झाले नसतील तर त्या ओळींना दोरी बांधा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पेस्ट लावतो, तेव्हा तर बागेत कोणालाच सोडू नका. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड अंगावर किंवा श्वासात गेलं आणि माणसाने दारू घेतली, तर तोंड लालबुंद होतं, धडधड वाढते, रक्तदाब पडतो. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी घेतली तरी हा त्रास होऊ शकतो. आपल्या मजुरांनाही हे माहीत नसतं, आणि वाइन प्यायला आलेल्याला तर अजिबातच नसतं. त्या आठवड्यात बुकिंग बंद ठेवा.

जेवण देणार म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी लागते. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघून वहीत नोंद ठेवा. परदेशी पाव्हणा उतरला तर २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो.