जबाबातले शब्द नेमके कोणाचे?

डिंभे धरणापासून घोडेगावच्या कोर्टापर्यंत एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं: ‘जबाबात तसंच लिहिलंय, म्हणजे तो तसंच बोलला.’ हा गैरसमज माणसाला खोटं पाडतो.

जबाब लिहितात पोलीस. ‘मी समक्ष हजर राहून विचारलेवरून जबाब देतो की’ असं कोणता शेतकरी बोलतो? धरणाकाठची एखादी म्हातारी सांगते, ‘अंधारात कोन तरी पळालं.’ कागदावर उतरतं, ‘अज्ञात इसम अंधाराचा फायदा घेऊन पसार झाला.’ पळणारा पुरुष होता, हे तिने सांगितलं नव्हतं. अंधाराचा फायदा घेण्याचा हेतूही तिच्या तोंडी नव्हता. लिहिणाऱ्याचा खोटेपणा असेलच असं नाही. हात त्या साच्यात बसलेला असतो. पण काही वर्षांनी उलटतपासणीत वकील तोच कागद पुढे करतो आणि खरं बोलणारी म्हातारी अडखळते.

सही केली म्हणजे जबाब पक्का झाला, हेही चूक. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊच नये, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं. त्या जबाबाचा मुख्य उपयोग साक्षीतली विसंगती दाखवण्यापुरता. फिर्यादीचं वेगळं: ती वाचून दाखवून सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची.

जबाबात लिहिणाऱ्याचे शब्द मिसळतात याबद्दल शंका असेल त्यांनी लंडनचा टिमोथी इव्हान्स आठवावा. खुनाच्या आरोपावरून त्याला १९५० मध्ये फाशी झाली, १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये त्याचे पोलिसांनी लिहिलेले जबाब तपासले. वादग्रस्त भागांची वाक्यरचना उरलेल्या मजकुराहून वेगळी निघाली. न्यायवैद्यक भाषाविज्ञान हे नाव तिथून रूढ झालं.

आणखी काही गैरसमज:

‘तालुक्याच्या कोर्टात इंग्रजीच लागतं.’ नाही. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे.

‘पोलिसांपुढे कबुली दिली, संपलं.’ नाही. ती आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तिच्यातून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो.

‘आवाज बोटाच्या ठशासारखा असतो.’ नाही. सर्दी, वय, फोन यांनी तो बदलतो. दंडाधिकारी आवाजाचा नमुना मागू शकतात (सर्वोच्च न्यायालय, २०१९), पण जुळणी हा तज्ज्ञाचा अंदाजच असतो.

जबाब देताना तो वाचून दाखवायला सांगा. न बोललेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा. ध्वनिचित्रमुद्रणाची सोय कायद्यात आहे, तीही मागा.