सीलबंद नाण्यांचा सेट: उघडावा की तसाच ठेवावा?

"फोडू नको भो, किंमत जाईन त्याची." धरणगावात कुणी कपाटातून टांकसाळीच्या नाण्यांचा सीलबंद सेट बाहेर काढला की शेजारी उभा असलेला माणूस हमखास हे वाक्य टाकतो. सांगणाऱ्यानं असा सेट कधी विकलेला नसतो, ऐकणाऱ्यानं विकायचं ठरवलेलं नसतं, तरी पाकीट निमूटपणे परत कपाटात जातं. आपल्याला सवय जळगावच्या सराफ बाजाराची. टंच (शुद्धता) कळला, वजन कळलं, की भाव कळला. सीलबंद सेटला हा सरळ हिशेब लागू पडत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार.

पहिला घोळ 'प्रूफ' या शब्दाचा. प्रूफ म्हणजे उत्तम अवस्थेतलं नाणं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर प्रूफ ही नाणं पाडण्याची पद्धत आहे. ठसा आणि नाण्याची कोरी चकती दोन्ही आधी झळाळतील अशी घासतात आणि चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा ठोका देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी चमकते आणि चित्र धुरकट पांढरं उठून दिसतं. दुसरा प्रकार 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं पाडलेलं पण बाजारात न फिरलेलं नाणं. दोन्ही प्रकारचे सेट सरकारी टांकसाळी विकतात, पण काळजी प्रूफची जास्त घ्यावी लागते. त्या आरशावर धोतराचा सोगा एकदा फिरला तरी केसासारखे ओरखडे उमटतात आणि ते कधीच जात नाहीत.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे सील शाबूत असलं की आतलं नाणं शाबूत असतं. जुनी पाकिटं, अल्बम आणि कप्प्यांची पानं यांत मऊ पीव्हीसी सर्रास वापरलं गेलं. हे प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं वर्षांनुवर्षं पाझरत राहतात, आणि प्लास्टिक स्वतः विघटित होऊ लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. नाण्यावर आधी चिकट, हिरवट थर येतो आणि पुढे आम्ल धातूच खाऊ लागतं. तांबं असलेल्या मिश्रधातूंना याचा त्रास जास्त. आपल्याकडच्या जुन्या सेटमधल्या चांदीच्या १०० रुपयांच्या नाण्यातही तांबं असतं. ३५ ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यात चांदी निम्मी, तांबं ४० टक्के, आणि उरलेलं निकेल व जस्त.

उष्णतेनं हे सगळं लवकर घडतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात काय होत असेल ते सांगायला नको. त्यावर लगेच पावसाळ्याची दमट हवा. उदाहरणार्थ, १९८२ च्या आशियाई खेळांच्या सेटमध्ये १०० रुपये, १० रुपये, २ रुपये आणि २५ पैसे अशी चार नाणी होती. तो सेट अशा कपाटात मऊ प्लास्टिकमध्ये चाळीस उन्हाळे पडून असेल, तर सील न तोडल्याचं समाधान तेवढं शिल्लक राहील.

मग ओळखायचं कसं? पाकीट हातात घ्या. मऊ, लिबलिबीत, किंचित चिकट लागलं आणि नव्या रेग्झिनसारखा वास आला, तर पीव्हीसी समजा आणि नाणी बाहेर काढा. ती पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, नाहीतर अ‍ॅक्रिलिकच्या गोल कॅप्सूलमध्ये ठेवा. मूळ पाकीट, पुठ्ठा, माहितीपत्रक आणि बिल मात्र फेकू नका. वेगळं जपून ठेवा. उलट, नाणी कडक पारदर्शक कॅप्सूलमध्ये असतील आणि त्यांवर डाग नसेल, तर उघडायचं काहीच कारण नाही. काढायची वेळ आलीच तर खाली मऊ कापड अंथरा, नाणं फक्त कडेनं धरा आणि त्याच्यावर वाकून गप्पा मारू नका. थुंकीचे बारीक शिंतोडे काही काळानं काळे ठिपके होऊन दिसतात.

आणि घासायचं नाही, काहीही झालं तरी. हे मी जरा चिडूनच लिहितो आहे, कारण दिवाळीला लक्ष्मीपूजनात राणीछाप रुपयांसोबत हे सेटही चौरंगावर येतात. चिंच नाहीतर राख लावून रुपया लखलखीत करायचा, पंचामृतानं धुवायचा, वर हळदकुंकू. घरच्या पूजेचा रुपया विकायचा नसतो, तेव्हा त्याचं ठीक आहे. पण संग्राहकाच्या नजरेत घासलेलं नाणं कायमचं उतरतं. चांदीवर कालांतरानं चढणारी सावळी किंवा निळसर झाक तर अनेकांना आवडते. तिला मळ समजून काढू नये. पीव्हीसीचा चिकट थरच काढायचा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवून, न चोळता बाहेर घेतात. ते भडकन पेटतं, म्हणून देवघरात किंवा चुलीपाशी हा उद्योग नको. नेलपॉलिश काढायचं द्रावण इथे चालत नाही, त्यात इतरही द्रव्यं असतात.

"उघडलं की भाव गेला" या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी. पाकीट उघडणं वेगळं आणि सेट मोडणं वेगळं. आशियाई खेळांच्या सेटमधल्या चार नाण्यांतलं चांदीचं काढून सराफाला दिलं की उरलेल्या तिघांना फारसं कुणी विचारत नाही. २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले, पण सेटमधली त्यांची जागा अजून तेवढीच पक्की आहे. शिवाय जगभर ज्यांच्या प्रमाणपत्राला मान आहे त्या पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (स्थापना १९८७) या अमेरिकी कंपन्या नाण्याला ७० पैकी दर्जा देऊन कडक डबीत बंद करतात. त्या डबीत जाण्याआधी नाण्याला टांकसाळीच्या पाकिटातून बाहेर यावंच लागतं!

सील म्हणजे अस्सलपणाचा दाखला, हाही भ्रमच. साधं प्लास्टिक पुन्हा चिकटवायला कारखाना लागत नाही. सुटी नाणी जमवून, पाकिटात घालून सेट म्हणून विकता येतात. तेव्हा पाकिटाऐवजी नाणं पाहा. मुंबई टांकसाळीच्या नेहमीच्या नाण्यावर वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, तर तिथल्या प्रूफवर पूर्वी 'बी' आणि शहराचं नाव बदलल्यानंतर 'एम' हे इंग्रजी अक्षर. वजन आणि कडेचे दातेही तपासावेत.

भाव वाढतोच का? नाही. ब्रिटनमध्ये १९६८ साली नव्या दशमान नाण्यांचे निळ्या पाकिटातले सेट इतके खपले, की आजही ते किरकोळ किमतीत मिळतात, आणि त्यांतली बरीच नाणी पाकिटातच काळवंडलेली आहेत. आपल्याकडचं १९६९ चं गांधी शताब्दीचं १० रुपयांचं नाणं घ्या. १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. ते लाखोंनी पाडलं गेलं, त्यामुळे सुट्या, हाताळलेल्या नाण्याचा भाव बराचसा चांदीच्या भावाबरोबरच हलतो.

हात न लागलेलंच मोलाचं, हा नियमही सार्वत्रिक नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्या खाडाखोडीतूनच नहपानाचा पराभव इतिहासकारांपुढे ठळक झाला. नाशिककडे गेलात तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, ते पाहून या.

मोबाइलवर फिरणाऱ्या "या नाण्याचे दहा लाख" छाप जाहिरातींना भुलू नका. १९९९ चं शिवछत्रपतींचं किंवा २००२ चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं नाणं चलनासाठीच पाडलेलं होतं. आपल्या सगळ्यांच्या खिशातून ती गेलेली आहेत. आधी 'कमिशन' किंवा 'कर' भरा, असं कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावानं सांगत असेल तर फोन ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतंही शुल्क घेत नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.