तिचा निरोप घरातच

पिल्लू घरात येतं तेव्हा सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतो. दूध कोणतं द्यायचं, लस कधी टोचायची, चपला कुठे लपवायच्या... शेजारीपाजारीसुद्धा हक्काने सांगतात. पण तेच पिल्लू बारा-चौदा वर्षांनी म्हातारं होऊन कोपऱ्यात पडून राहतं, तेव्हा काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. विषयच अभद्र! आणि मग सगळं येऊन पडतं घरातल्या बाईवर. कारण वाटी भरणारी तीच, गोळी पाजणारी तीच आणि ‘आज हिने तोंडही लावलं नाही’ हे आधी लक्षात येतं तेही तिच्याच.

आमची चिंगी गावठी. गोरेगावच्या आमच्या सोसायटीच्या गेटापाशी सापडलेली. चौदाव्या वर्षी तिच्या किडन्या निकामी होत चालल्याचं कळलं. आमच्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, ‘‘ताई, हे बरं होणारं नाही. आता दिवस वाढवायचे नाहीत, आहेत ते चांगले करायचे. आणि शेवट कसा हवा, ते घरात सगळ्यांनी बसून आत्ताच बोलून घ्या. ऐन वेळी सुचत नाही.’’

ऐकताना कठोर वाटलं, पण त्या एका वाक्याने आम्हाला पुढचे अडीच महिने तारलं.

पहिली तयारी घराची. आपल्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात आणि पडण्याच्या भीतीने ते उठतच नाही. म्हणून तिच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या घातल्या. भांडं पाटावर ठेवलं, म्हणजे मान फार वाकवायला नको. अंथरुणात खाली मेणकापड, वर सुती साड्यांच्या घड्या. लेकीच्या बाळपणी केलं तेच सगळं! उठता येईना तेव्हा दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांपाशी जखमा होतात. भूक गेल्यावर जबरदस्तीने भरवायचं नाही. आणि मैत्रिणींनो, एक कृपा करा. दुखतंय म्हणून घरातली आपली गोळी प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेन कुत्र्यांनाही घातक ठरतं. वेदना थांबवणारी त्यांची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

दुसरी तयारी मनाची. ‘वेळ आली’ हे ओळखायचं कसं? अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी २००४ मध्ये यासाठी एक सोपी मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे, असं त्या सांगतात. मी आणखी सोपं केलं. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कालनिर्णयावर रोज रात्री एक टिंब. शेपटी हलली, दोन घास खाल्ले, गॅलरीत येऊन बसली, तर हिरवं. नाहीतर लाल. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, मन रोज स्वतःची समजूत घालतं. कागद तशी समजूत घालत नाही.

खरी अडचण होती ती इंजेक्शन द्यायचं की नाही, याची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘जीव देवाने दिला, तोच नेईल. आपण कोण सुई टोचणारे?’’ त्यांना मी कशी खोडून काढणार? चौदा वर्षं पहिली चपाती चिंगीला घालणाऱ्या त्याच. डॉक्टरबाईंनी समजावलं की काही प्राणी आपणहून शांतपणे जातात, पण या आजारात शेवटी उलट्या, तोंडात फोड, झटके असं होऊ शकतं. मी सासूबाईंना गांधीजींची गोष्ट सांगितली. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं, कूसही बदलता येत नव्हती. आश्रमातल्यांशी बोलून गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याची सुटका केली. त्यावर संतापाची पत्रं आली, तेव्हा ‘नवजीवन’मध्ये लेख लिहून त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली. आयुष्यभर अहिंसा सांगणाऱ्या माणसाने!

सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘‘मग त्या वासराला कुणी विचारलं होतं का?’’ मी गप्प. या प्रश्नाला उत्तर नाहीच. त्या मात्र दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘ती रात्रभर कण्हायला लागली, तर मला विचारत बसू नका. डॉक्टरला बोलवा.’’

कालनिर्णयावर ओळीने पाच लाल टिंबं झाली तेव्हा आम्ही फोन केला.

डॉक्टर घरी येतील का, किती वाजता, पैसे किती, हे आधीच विचारून ठेवलेलं होतं. त्या वेळी हिशेब करायची ताकद नसते. प्रत्यक्षात काय होतं तेही माहीत असावं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. प्राणी गाढ झोपला की मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखं वाटतं. ते दुखणं नव्हे, शरीराची आपोआप होणारी क्रिया. हे ठाऊक नसेल तर माणूस आयुष्यभर त्या एका श्वासाने हळहळत राहतो.

चिंगी तिच्या साडीवर, सासूबाईंच्या मांडीला डोकं टेकून गेली. आमचे ‘अहो’ तिच्या पाठीवर हात ठेवून होते. दहा वर्षांच्या लेकीला आम्ही ‘झोपली’ असं सांगितलं नाही. तसं सांगितलं तर मुलं झोपेलाच घाबरतात. ‘‘चिंगी आता मरणार आहे, तिला दुखणार नाही. तुला थांबायचंय का?’’ असं विचारलं. ती थांबली नाही. आदल्या दिवशी मात्र तिने हळदीच्या पाण्यात चिंगीचा पंजा बुडवून कागदावर ठसा घेतला होता.

पुढची सोयही आधी ठरलेली बरी. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची व्यवस्था सुरू केली, चिंगीला आम्ही तिथेच नेलं. इतर ठिकाणी आपल्या पालिकेत किंवा डॉक्टरांकडे चौकशी करून नंबर लिहून ठेवावा. गावी स्वतःच्या जागेत पुरणार असाल तर खड्डा चांगला खोल हवा. इंजेक्शनचं औषध शरीरात उरतं, उकरून खाणाऱ्या जनावराला त्याची बाधा होते.

नंतर लोक म्हणतातच, ‘‘एका कुत्र्यासाठी एवढं?’’ म्हणू देत. रडू आलं तर रडावं. दुपारी चारला आपोआप वाटी घासायला हात जातो, ते बरेच दिवस चालतं.

तुमच्या घरात एखादा म्हातारा जीव पाय पसरून पडला असेल, तर या रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी बसा आणि बोला. कोण जवळ थांबणार, कुणाला फोन करायचा, कुठे न्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. या बोलण्याने मरण लवकर येत नाही. उलट, एकदा हे ठरलं की उरलेले दिवस नुसते त्याच्याजवळ बसायला मोकळे मिळतात.