अमेरिकन सैनिकी अकादमींची उन्हाळी शिबिरे आणि प्रवेशाची शक्यता

प्रस्तावना

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमी (स्थापना १८०२) आणि ॲनापोलिस येथील नौदल अकादमी (स्थापना १८४५) या संस्थांतील पदवी शिक्षण विनाशुल्क असते. त्याबदल्यात पदवीधरास किमान पाच वर्षे सक्रिय सेवा द्यावी लागते. शालेय शिक्षणाच्या अंतिम वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यात दोन्ही संस्था विद्यार्थ्यांसाठी सुमारे आठवडाभराची निवासी शिबिरे घेतात. वेस्ट पॉइंटचे शिबिर ‘समर लीडर्स एक्सपीरियन्स’ व ॲनापोलिसचे ‘समर सेमिनार’ या नावाने ओळखले जाते. या शिबिरांमुळे प्रवेश सुकर होतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवेशाची चौकट

या अकादमींत प्रवेशासाठी केवळ गुणवत्ता पुरेशी नसते. काँग्रेस सदस्य, उपराष्ट्राध्यक्ष किंवा कायद्याने ठरविलेल्या अन्य मार्गाने नामनिर्देशन मिळवावे लागते. एका काँग्रेस सदस्याच्या खात्यावर एका अकादमीत एका वेळी साधारणतः पाचच विद्यार्थी असू शकतात. याखेरीज वैद्यकीय पात्रता व शारीरिक क्षमता चाचणी अनिवार्य आहे. शिबिरातील सहभागाने यांपैकी कोणतीही अट शिथिल होत नाही.

कार्यकारणभावाचा प्रश्न

शिबिरार्थींपैकी अनेकांना पुढे प्रवेश मिळालेला दिसला, तरी त्याचे श्रेय शिबिरास देणे तर्कदृष्ट्या सदोष ठरते. शिबिरासाठीही शालेय गुण, चाचण्यांतील यश व नेतृत्वविषयक उपक्रम यांच्या आधारे निवड होते. म्हणजेच प्रवेशास पात्र ठरू शकणारे विद्यार्थीच तेथे आधी निवडले जातात. याच कारणास्तव शिबिरासाठी निवड न होणे म्हणजे अकादमीचे दार बंद होणे नव्हे.

अप्रत्यक्ष लाभ

तथापि शिबिरे निरर्थक आहेत, असे नाही. ॲनापोलिसच्या शिबिराचा अर्ज हाच अकादमीचा प्राथमिक अर्ज मानला जातो. त्यामुळे प्रक्रिया लवकर सुरू होते. सैनिकी दिनक्रमाचा प्रत्यक्ष अनुभव घेतल्याने नामनिर्देशनाच्या मुलाखतीत विद्यार्थी आपला हेतू ठोसपणे मांडू शकतो. उलटपक्षी, हे जीवन आपणांस मानवणारे नाही, अशी जाणीव झाल्यास तीही मोलाचीच होय.

भारतीय संदर्भ

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या गुणवत्ता यादीत लोकसेवा आयोगाची ९०० गुणांची लेखी परीक्षा व सेवा निवड मंडळाची ९०० गुणांची चाचणी विचारात घेतली जाते. शिबिरांतील सहभागास त्यात स्वतंत्र गुण नाहीत.

निष्कर्ष

उन्हाळी शिबिर हे प्रवेशाचे साधन नसून निर्णयाचे साधन आहे. शिबिरासाठी शुल्क व प्रवासखर्च करावा लागतो. तो न परवडणाऱ्या गुणी विद्यार्थ्याने केवळ त्या कारणाने अर्जच न करणे, ही खरी हानी होय. ती टाळण्यासाठी शिबिराच्या या मर्यादा विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडणे, हे मार्गदर्शक अध्यापकांचे कर्तव्य ठरते.