मॉकअपमधलं फूल किती सेंटिमीटरचं आहे?

एम.डेस. किंवा पीएचडीच्या मुलाखतीसाठी तयार केलेल्या पोर्टफोलिओत एक पान हमखास दिसतं: एकच डिझाइन मग, उशी, टोट बॅग आणि मोबाइल कव्हर अशा चार वस्तूंवर चढवलेलं. दिसतं छानच. पण समोरच्यानं "यातलं फूल प्रत्यक्षात केवढं आहे?" असं विचारलं की गाडी अडते. कारण चारही वस्तूंवर त्या फुलाचं माप वेगळं असतं आणि ते कुणी ठरवलेलंच नसतं. टेम्प्लेटमध्ये बसलं तसं बसवलेलं असतं.

म्हणून आज मॉकअपकडे संशोधनाच्या नजरेनं बघू. उदाहरण आपल्याच पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातलं घेऊ: गाडीची सीट.

आधी शब्द समजून घेऊ

कापड, कागद, प्लास्टिक अशा पृष्ठभागावर पुन्हापुन्हा येणारी नक्षी म्हणजे सरफेस पॅटर्न. नक्षीचा जो तुकडा पुन्हापुन्हा येतो तो रिपीट. आणि ती नक्षी एखाद्या वस्तूवर कशी दिसेल हे वस्तू न बनवता दाखवणारं चित्र म्हणजे मॉकअप. थोडक्यात, मॉकअप हा एक दावा असतो: "या मापाची नक्षी, या वस्तूवर, अशी दिसेल." दावा म्हटला की तो तपासता आला पाहिजे.

सीटच का?

पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला महिंद्रा, बजाज, मर्सिडीज-बेंझ आणि २००९ पासून फोक्सवॅगन. यांच्या भोवती सुटे भाग पुरवणारे असंख्य व्हेंडर. गाडीच्या आतले रंग, कापड आणि पोत ठरवणाऱ्या कामाला या क्षेत्रात सीएमएफ म्हणतात, म्हणजे कलर, मटेरियल, फिनिश. सरफेस पॅटर्न शिकलेल्यांना इथे खरंखुरं काम आहे.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७६ साली बाजारात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या चौकड्याच्या सीट. ते कापड गुनहिल्ड लिलियेक्विस्ट यांनी निवडलं. पोर्सेलीनवर चित्रकाम करणाऱ्या या बाई १९६४ मध्ये कंपनीच्या कापड आणि रंग विभागात आल्या होत्या. ब्रिटनच्या प्रवासात पाहिलेल्या चौकड्याच्या कापडांवरून त्यांना ही कल्पना सुचली. आता गंमत बघा: चौकडा हा सीटसाठी सगळ्यात निर्दयी पॅटर्न. शिलाई जरा तिरकी गेली, दोन तुकड्यांच्या रेषा जुळल्या नाहीत, की डोळा तिथेच अडकतो. सपाट चित्रात हा प्रश्न दिसतच नाही. तो दिसतो कापड कापून, शिवून, फोमवर ताणल्यावर. चांगल्या मॉकअपनं नेमका हाच प्रश्न वर आणायचा असतो.

माप कसं बसवायचं

रीत सोपी आहे. मॉकअपच्या फोटोत ज्याचं खरं माप माहीत आहे अशी एक गोष्ट शोधा. समजा, सीटचा मधला भाग, म्हणजे इन्सर्ट, ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि फोटोत तो ६०० पिक्सेल भरतो. म्हणजे १ सेंटिमीटर = २० पिक्सेल. तुमचा रिपीट ३२ सेंटिमीटरचा असेल, तर तो फोटोत ६४० पिक्सेलचा हवा. म्हणजे इन्सर्टच्या रुंदीत एक रिपीटसुद्धा पूर्ण मावत नाही! हे कळणं हाच मॉकअपचा खरा फायदा. तोच रिपीट साडेपाच मीटरच्या साडीवर लांबीत १७ वेळा येईल. आणि ८.२ सेंटिमीटर व्यासाच्या मगाचा घेर जेमतेम २५.८ सेंटिमीटर, म्हणजे तिथेही तो मावणार नाही. टेम्प्लेट मात्र गुपचूप आकसून तो बसवून देतं.

एक लक्षात ठेवा. तिरप्या कोनातून काढलेल्या फोटोत मागची बाजू लहान दिसते, त्यामुळे हा हिशेब शक्यतो समोरून काढलेल्या फोटोवर करा.

इथून संशोधनाचा प्रश्न सुरू होतो

समजा, पाठीच्या तुकड्याची लांबी शिलाईच्या मार्जिनसकट ५० सेंटिमीटर आहे आणि प्रत्येक सीटवर नक्षी एकाच जागी यायला हवी. रिपीट ३२ चा असेल, तर पुढचा तुकडा ६४ व्या सेंटिमीटरलाच सुरू करता येईल. मधलं १४ सेंटिमीटर कापड, म्हणजे सुमारे २२ टक्के, अडकून पडलं. रिपीट ८ चा असेल तर पुढचा तुकडा ५६ ला, वाया ६ सेंटिमीटर, सुमारे ११ टक्के. आणि रिपीट १० चा केला तर? काहीच वाया नाही. प्रत्यक्ष कटिंगमध्ये मधल्या जागेत हेडरेस्टसारखे छोटे तुकडे बसवतात, त्यामुळे आकडे बदलतील. पण प्रश्न पक्का झाला: नक्षीचं सौंदर्य न बिघडवता रिपीटचं माप तुकड्याच्या मापाशी कसं जुळवायचं? हा विषय एखाद्या संशोधन प्रस्तावाचा गाभा होऊ शकतो आणि तो मॉकअपमधून निघाला.

पानावर काय ठेवायचं

एका डिझाइनला चार वस्तूंऐवजी एकच वस्तू द्या आणि तिच्याबरोबर या चार गोष्टी ठेवा:

१. एक पूर्ण रिपीट, माप लिहून. साधा, हाफ-ड्रॉप की आणखी कुठला, तेही सांगा.
२. शक्य असेल तर खऱ्या कापडावर छापलेल्या नमुन्याचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून.
३. मॉकअप, ज्यात शिलाईची रेषा कुठे येते ते दिसेल. नक्षी शिलाईवरून सलग धावताना दाखवली, तर तुकडे जुळवण्याचा खर्च तुम्ही गृहीत धरलाय, असा त्याचा अर्थ होतो.
४. दोन ओळी: हा मॉकअप काय दाखवतो आणि काय दाखवत नाही. कापड घासून किती झिजतं, उन्हात रंग टिकतो का, ते पेट कसं घेतं, हे चित्रात कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या चाचण्याच लागतात.

गोपनीयतेचं काय?

हा मुद्दा आपल्या पट्ट्यात फार महत्त्वाचा. इंटर्नशिपमध्ये गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल, तर बाजारात न आलेल्या गाडीचं कापड पोर्टफोलिओत टाकू नका. फोटोतून लोगो पुसला म्हणजे सुटलो, असंही नाही. पण शिकलेली पद्धत तुमचीच आहे. वेगळी, स्वतःची नक्षी करा, बिननावाच्या साध्या सीटवर बसवा आणि खाली स्पष्ट लिहा: "स्वयंप्रेरित काम, मॉकअप." कुठल्याही कंपनीचा लोगो लावून तिच्यासाठी काम केल्याचा भास निर्माण करू नका. मुलाखतीत पहिला उलटा प्रश्न तिथेच येतो, आणि मग पुढच्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

या आठवड्यात एवढंच करा. पोर्टफोलिओतला तुमचा सगळ्यात लाडका मॉकअप उघडा, त्यातल्या एका फुलाचं माप सेंटिमीटरमध्ये काढा आणि ते खाली लिहा. आकडा विचित्र निघाला, तर डिझाइन बदलायचं की वस्तू, हे ठरवा. आणि जे ठरवाल त्याचं कारण वहीत नोंदवून ठेवा, प्रस्ताव लिहिताना तेच उपयोगी पडेल.