पगार तोच, पिशवी हलकी : वास्तव वेतनाचं गणित

मागच्या व्याख्यानात आपण महागाई कशी मोजतात ते पाहिलं. आज त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहू, म्हणजे पगार. ‘पगार वाढलाय, पण पुरत नाही’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. ही नुसती तक्रार आहे की त्यामागे हिशोब आहे?

हिशोब आहे. आपल्या हातात जे पडतं ते नाममात्र वेतन. त्यात बाजारातून जेवढं येतं ते वास्तव वेतन. समजा, एखाद्याचा पगार 15,000 रुपये आहे आणि तो दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढतो. किमती मात्र 6 टक्क्यांनी वाढतात. फरक फक्त 2 टक्क्यांचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दहा वर्षांनी पगार होतो साधारण 22,200 आणि पूर्वीसारखंच जगायला लागतात जवळपास 26,900. म्हणजे पगाराचा आकडा दीडपट झाला, पण माणूस सतरा टक्क्यांनी गरीब झाला. आणि या दहा वर्षांत एकदाही कुणी त्याचा पगार कापलेला नाही! म्हणूनच ही घसरण दिसत नाही आणि तिच्याविरुद्ध भांडताही येत नाही.

यावर उपाय काय, हा प्रश्न मुंबईच्या गिरणी कामगारांना फार पूर्वी पडला होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, धान्य-कापडाचे भाव चढले आणि मजुरी जागच्या जागी राहिली. 1940 च्या मार्चमध्ये दीड लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. मागणी होती महागाई भत्त्याची. भाव वाढले की मजुरीनंही वाढावं, दर वेळी हात पसरायला लागू नये, एवढी साधी ती कल्पना.

आता ही कल्पना आज कुणाच्या वाट्याला आली ते बघा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकावरून ठरतो. जुलै 2019 मध्ये तो मूळ पगाराच्या 17 टक्के होता, जानेवारी 2025 मध्ये 55 टक्के झाला. म्हणजे मूळ पगार 100 धरला तर 117 चे 155 झाले. त्यांचंही सगळं आलबेल नव्हतं. कोविडच्या काळात भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले आणि त्या 18 महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. तरी नंतर दर पुन्हा निर्देशांकाच्या बरोबरीला आला.

याच काळातला दुसरा आकडा पाहा. केंद्र सरकारनं 2019 मध्ये राष्ट्रीय पायाभूत किमान वेतन ठरवलं दिवसाला 178 रुपये. आधी ते 176 होतं, म्हणजे वाढ झाली 2 रुपये. हा दर राज्यांवर बंधनकारक नव्हता, अनेक राज्यांचे दर त्याहून जास्त आहेत हे खरं. पण जानेवारी 2025 पर्यंत तो तिथेच होता. सरकारी भत्त्याचीच फूटपट्टी लावली तर 178 चे एव्हाना 235 च्या आसपास व्हायला हवे होते. आणि सरकारनंच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं 2019 च्या सुरुवातीला सुचवलं होतं 375!

यात आणखी एक मेख आहे. महागाईचा दर सरासरी असतो, घर सरासरी नसतं. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात खर्चातला अन्नाचा वाटा सुमारे 46 टक्के निघाला, शहरी भागात 39 टक्के. त्यातही घर जितकं गरीब, तितका हा वाटा मोठा. म्हणून तूरडाळ, तेल, कांदा महागला की कमी पगाराच्या घराला सरासरीपेक्षा जास्त चटका बसतो.

मग लोक करतात काय? आधी बचत थांबते. 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 5 टक्क्यांवर आली. दोन वर्षांपूर्वी, कोविडच्या वर्षात, ती 11 टक्क्यांच्या वर होती. मग दूध अर्धा लिटरवर येतं, दाताचं दुखणं पुढे ढकललं जातं, मुलीचा क्लास बंद होतो, दागिना तारण जातो. राहणीमान घसरतं ते असं, उंबऱ्याच्या आत.

प्रश्न असा की माणसं जास्त पगार का मागत नाहीत? कारण अनिश्चितता. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, 2020 चं लॉकडाऊन. प्रत्येक धक्क्यात छोटे धंदे हादरले. शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचं प्रमाण 2018-19 मध्ये 42 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2020-21 मध्ये 46 च्या पुढे गेलं आणि नंतरही फारसं खाली आलं नाही. शहरातलं काम गेलं की माणूस शेतात परततो. आकडेवारीत तो बेरोजगार नसतो, पण त्याच कामात वाटेकरी वाढतात. ‘तुला परवडत नसेल तर बाहेर दहा जण उभे आहेत’ हे कंत्राटदाराचं वाक्य तिथून येतं.

समोरून एक चिठ्ठी आली आहे : ‘पगार वाढवले तर महागाई आणखी नाही का वाढणार?’ चांगला प्रश्न आहे. मालाचा तुटवडा असताना पगार भरमसाट वाढले तर वाढू शकते. पण इथे पगार किमतींच्या मागे पळतायत, पुढे नाही. शिवाय 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालातच म्हटलंय की 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22 टक्क्यांहून जास्त वाढला आणि रोजगार फक्त दीड टक्का. म्हणजे पैसा नाही असं नाही, वाटणीचा प्रश्न आहे. आणि पगारच खर्च होतो, त्यातूनच दुकानदाराचा गल्ला भरतो. तो आटला की मागणीही आटते.

तेव्हा पगारवाढीचं पत्र हातात आलं की आधी एवढंच विचारा : महागाई वजा करून किती? उत्तर शून्याखाली असेल, तर त्या पत्राला पगारवाढ म्हणू नका. पुढच्या व्याख्यानात किमान वेतन कसं ठरतं आणि ते मिळत का नाही, ते पाहू.